राव सारांची साक्ष

आमच्या घरी सकाळ समोरच्या घरातून यायची. मैलापूरला देवळाच्या मागच्या अंगाला आमची गल्ली, इतकी अरुंद की दोन ऑटो समोरासमोर आल्या तर एकीला मागं जावंच लागे, आणि मागं कुणी जायचं यावरून रोज एक तरी भांडण होई. आमच्या दारासमोर तुळजामावशीचं दार. ती नात्यानं आमची कुणीच नव्हती. पण तंजावरी मराठी बोलणारी त्या गल्लीत आम्ही दोनच घरं, म्हणून मावशी. ती वीणा शिकवायची. मी अंथरुणात असतानाच तिच्या घरात तंबुरा लागायचा, मग मुली येऊन सरळी वरिसै, म्हणजे पहिले सूरपाठ, घोकायला लागायच्या, आणि त्या स-रि-ग-मच्या तालावर आमच्या स्वयंपाकघरात आईचं कॉफीचं डिकॉक्शन ठिबकत असायचं. सूर चुकला की मावशी मांडीवर चापटी मारायची. ती चापटीसुद्धा आमच्याकडे ऐकू यायची. आई म्हणायची, "आज कोणाची तरी मांडी लाल झाली."

मावशीला मूलबाळ नव्हतं, नवरा फार लवकर गेला होता, आणि घर तिच्या माहेरचं होतं. तिच्याजवळ जानकी टीचर राहायच्या. त्या तमिळ. कुंभकोणमकडून वीणा शिकायला म्हणून परकरातली पोर आली ती परत गेलीच नाही. मला आठवतात तेव्हा त्यांच्या कानशिलावर केस पांढरे व्हायला लागले होते. मावशीची बोटं आखडली तसे वर्ग त्यांच्याकडे आले, मग स्वयंपाक, मग मावशीला न्हाऊ घालणं, शेवटी शेवटी घास भरवणं. आमची भाषाही त्यांनी मावशीकडून उचलली होती. अर्धं तमिळ, अर्धं आमचं मराठी, असं काहीतरी त्या गोड बोलायच्या. मला वीणा त्यांनीच शिकवली. वीणा मला फारशी आली नाही, तो दोष त्यांचा नव्हे.

आमचं मराठी म्हणजे काय, हे इथं सांगायला हवं. आज मी जे लिहिते आहे ते मराठी माझ्या नवऱ्याचं. तो पुण्याचा, रेल्वेत नोकरीला म्हणून इथं आलेला. लग्नानंतर त्यानं माझी वाक्यं हसत हसत सरळ केली. माहेरी आम्ही बोलायचो ते त्याला पहिले कित्येक महिने मराठी वाटलंच नव्हतं. आमचा हेल तमिळ, निम्मे शब्द तमिळ, आणि उरलेले इतके जुने की तो म्हणायचा, हे तर पोथीत सापडतात. जेवणही तसंच. आंबट भाजी, कट सारू, उडदाच्या पिठाची दह्यात कालवलेली डांगर पच्चडी, हे तंजावरहून आलेलं आमचं. सणाला पुरणपोळी असायची, पण तीसुद्धा केळीच्या पानावर, रसमभाताच्या शेजारी.

माझ्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो आणि गल्ली 'राव सार' म्हणायची. ते बँकेत होते, आणि त्यांचं काम सह्या पडताळण्याचं. समोर आलेली सही खरी की बनावट, हे ते नजरेनं सांगत, असा त्यांचा लौकिक होता. संध्याकाळी पांढरीशुभ्र वेष्टी नेसून ते तिण्णैवर, म्हणजे आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावर, बसत. माणसं त्यांच्याकडे भाडेकरार, पासपोर्टचे अर्ज, असलं काय काय घेऊन येत. साक्षीदार म्हणून राव सारांची सही असली की कागदाला वजन येतं, असं मानत. नानाही तो मान जपत. एकदा शेजारच्या माणसाला त्यांनी परत पाठवलं होतं, का, तर त्याची बायको सही करायला स्वतः आली नव्हती. "डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करत नाही," असं ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले होते. तेव्हा मी दारातच उभी होते. मला त्यांचा किती अभिमान वाटला होता, ते आता आठवलं की तोंड कडू होतं.

मावशीनं अंथरूण धरलं त्या वर्षीची मार्गळी. आमच्याकडे मार्गळीचा महिना म्हणजे दारादारांत रांगोळीचे मोठमोठे कोलम, पहाटे देवळातली गाणी, आणि संध्याकाळी संगीतसभांमधून कचेऱ्या, म्हणजे गाण्याच्या मैफली. नाना वर्षभर काटकसर करत, पण त्या महिन्यात पुढच्या रांगेचं तिकीट काढून कचेरीला जात, आणि मधल्या वेळात कॅन्टीनमध्ये गरम रवा डोसा खात. त्या दिवशी एका मोठ्या गवयाची कचेरी होती. नानांनी आंघोळ केली होती, जरीकाठी वेष्टी नेसली होती, खांद्यावर अंगवस्त्रम् टाकलं होतं, आणि निघण्याआधी आईच्या हातची कॉफी पीत ते ओट्यावर बसले होते. मी उंबऱ्यात बसून वेणी घालत होते.

समोरून जानकी टीचर लगबगीनं आल्या. मावशीनं मृत्युपत्र केलं होतं. वकील येऊन गेला होता, डॉक्टरांनी मावशीच्या उशाशी बसून साक्षीदार म्हणून सही केली होती, आता दुसरी सही राव सारांची हवी होती.

"राव सार, मावशी बोलावतायत. एक सही. लगेच होईल."

नानांनी घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता? कचेरी सुरू होईल मा. मावशी एकदा बोलायला लागली की सोडत नाही."

"त्या वाट बघतायत, सार."

"मग कागद इकडंच आण. मावशीची सही मी ओळखत नाही का? डोळे झाकून ओळखेन."

टीचर क्षणभर उभ्या राहिल्या. मग परत गेल्या आणि कागद घेऊन आल्या. खाली धरायला काही नव्हतं, तेव्हा नानांनी आईच्या हातातला कॉफीचा ट्रे पालथा करून मांडीवर घेतला, त्यावर कागद ठेवला, मावशीची थरथरती सही निरखून पाहिली, मान डोलावली, आणि खाली आपली झोकदार सही ठोकली. टीचर कागदावर फुंकर घालत गल्ली ओलांडून गेल्या. नाना उठले, चपला घातल्या आणि सभेला गेले. रात्री जेवताना ते त्या गवयाच्या तोडीबद्दलच बोलत होते.

मावशी उन्हाळ्यात गेली. मृत्युपत्रात तिनं घर जानकी टीचरना दिलं होतं. मावशीचा भाचा बंगळूरहून तिच्या दिवसकार्याला आला. दहा वर्षांत त्यानं आत्याचं तोंड पाहिलं नव्हतं, पण कायद्यानं वारस तोच. त्यानं मृत्युपत्राला हरकत घेतली. खटला उभा राहिला, आणि तोवर डॉक्टरही वारले होते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. त्यांतला जिवंत राहिला तो एक, आमचे नाना.

मी तेव्हा कायद्याच्या कॉलेजात जायला लागले होते. त्यामुळे नानांना कोर्टात काय विचारतील हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही करताना तुम्ही पाहिलंत का, किंवा ती सही आपली आहे असं त्यानं तुम्हाला सांगितलं का, आणि तुम्ही त्याच्या समक्ष सही केलीत का. त्यात 'समक्ष' हा शब्द मोठा. साक्षीच्या दिवशी नाना बँकेचा कोट घालून गेले आणि दुपारी जेवायला घरी आले. आई वाढत होती.

"झालं," नाना म्हणाले. "विचारलं, पाहिलंत का. म्हटलं, पाहिलं."

आईचा हात थांबला. "काय पाहिलंत?"

"मावशीनं सही केली ते."

"कुठं?"

"तिच्या घरी. आणखी कुठं करणार?"

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. ट्रे तिच्याच हातातून घेतला होता. मग तिनं विचारलं, "पच्चडी वाढू?" नाना म्हणाले, "वाढ." मी पानावरून डोळे वर केले नाहीत. मला आठवतं, नाना पोटभर जेवले.

जानकी टीचरांची साक्ष त्यानंतर झाली. ती मला त्यांच्याकडूनच कळली, वीणेच्या वर्गात. त्या तारा जुळवत होत्या आणि सहज सांगावं तसं त्यांनी सांगितलं. भाच्याच्या वकिलानं उलटतपासणीत विचारलं, दुसऱ्या साक्षीदारानं सही कुठं केली? आणि त्यांनी सांगितलं, त्यांच्या स्वतःच्या तिण्णैवर. मी कागद नेला होता.

"टीचर!" माझ्या हातून मिझराब पडला. "असं का सांगितलंत? घर जाईल तुमचं."

"माझा वकीलही असाच ओरडला," त्या म्हणाल्या. "पण आधी शपथ घ्यायला लावली होती गं. देवाचं नाव घेऊन. मग काय सांगणार?" आणि त्यांनी मला पुढचा स्वर वाजवायला सांगितला.

मला घरी जायचं धैर्य होईना. एकाच कोर्टात, एकाच शपथेनंतर, समोरासमोरच्या दोन घरांतून दोन वेगळी उत्तरं गेली होती. पण पुढं जे झालं त्यानं माझी ती भीती विरून गेली, आणि आज मला त्याचीच लाज जास्त वाटते. न्यायाधीशांनी निकाल टीचरांच्या बाजूनं दिला. त्यांचं म्हणणं असं की, बाई दुःखात होत्या, त्यांची आठवण गोंधळली असेल. उलट राव हे बँकेतले जबाबदार अधिकारी, त्यांचा या घरात काडीचाही स्वार्थ नाही, त्यांनी खोटं का बोलावं? गल्लीत सगळ्यांना आनंद झाला. कुणीतरी चक्करै पोंगल, गुळाचा गोड भात, वाटला. टीचर आमच्याकडे पाया पडायला आल्या तेव्हा त्यांनी नानांच्या पायांकडेच पाहिलं, वर पाहिलं नाही. नाना म्हणाले, "सत्याला न्याय मिळतोच मा." आणि मी, कायदा शिकणारी मुलगी, कोर्टानं मानलं म्हणजे ते खरं झालं, असं मनाशी धरून चालले. ट्रे, वेष्टी, कचेरी, सगळं मला हळूहळू अंधुक वाटायला लागलं.

भाच्यानं अपील केलं. ते दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे आलं. अपिलात साक्षीदार पुन्हा बोलवत नाहीत. सगळं कागदावरून चालतं. नानांना जायची काही गरज नव्हती. पण टीचरांच्या वकिलाला वाटलं, राव सार बसलेले दिसले तर बरं, आणि नानांनाही ते आवडलं. मी वर्गातल्या दोघीतिघींना बरोबर घेऊन गेले होते. माझ्या वडिलांच्या साक्षीवर जिंकलेला खटला, म्हणून. हायकोर्टाच्या लाल इमारतीतल्या त्या उंच खोलीत आम्ही मागच्या बाकांवर बसलो. माझ्या शेजारी पद्मा नावाची मैत्रीण होती. नाना आमच्या पुढं दोन रांगा सोडून बसले होते, ताठ, कोटाची बटणं लावून. टीचर कडेला, खांबाशी.

दोघांतले वडील न्यायाधीश किरकोळ अंगाचे होते, आवाज इतका बारीक की पंख्याच्या घरघरीत ऐकायला कान द्यावा लागे. त्यांनी भाच्याच्या वकिलाला फारसं बोलूच दिलं नाही. मग टीचरांच्या वकिलाकडे वळून इंग्रजीत विचारलं, "या बाईंनी आपल्याच विरुद्ध साक्ष का दिली असेल, काही सांगता येईल?"

वकील म्हणाला, "गोंधळून, मायलॉर्ड. दुसरा साक्षीदार मात्र अत्यंत प्रतिष्ठित गृहस्थ आहे. इथंच बसला आहे." आणि त्यानं वळून नानांना उठायची खूण केली.

नाना उठले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, रागानं नव्हे, जसं एखादा डॉक्टर पाहतो तसं. "बसा तुम्ही," ते म्हणाले. पण नाना बसले नाहीत. कदाचित ऐकू आलं नसेल. मग न्यायाधीशांनी लघुलेखकाकडे मान केली आणि निकाल तिथल्या तिथे सांगायला सुरुवात केली. नाना उभेच. त्यातली बरीच वाक्यं मी विसरले. पण एक गोष्ट ते ज्या पद्धतीनं म्हणाले ती आजही माझ्या कानात आहे. ते म्हणाले, राव यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं, एवढ्यावरच त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला. पण या बाईंना खरं बोलायचं काहीच कारण नव्हतं, उलट त्यात त्यांचं घर जात होतं, आणि तरी त्या खरं बोलल्या. आम्ही त्यांच्यावर विश्वास ठेवतो. दुःखाची गोष्ट ही की त्यांच्यावर विश्वास ठेवला की त्यांना हरवावं लागतं. राव यांनी शपथेवर जे सांगितलं ते असत्य आहे. त्यांचा आजवरचा लौकिक बघता आम्ही पुढची कारवाई करत नाही.

एवढं झाल्यावर त्यांनी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं. मी नानांच्या पाठीकडे पाहत होते. कोटाच्या पाठीवर घामाचा डाग मोठा होत चालला होता. पद्मानं काही विचारलं नाही. तिनं आपली पाण्याची बाटली उघडून माझ्या हातात दिली, आणि तेवढ्या एका चांगुलपणानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ते पाणी प्याले नाही. टीचर उठल्या, खांबाला हात लावून क्षणभर थांबल्या आणि आमच्याकडे न बघता बाहेर गेल्या.

नाना एका बसनं गेले, मी दुसरीनं. मी घरी पोचले तेव्हा ते हॉलमध्ये जमिनीवर भिंतीकडे तोंड करून पडले होते, कोटासकट. आईला सगळं कळलं होतं. ती मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. त्यांच्या पायांशी उभी राहून ती म्हणाली, "समोर जायचं होतं. गल्ली ओलांडायची होती, कावेरी नव्हे."

तिनं पंखा लावला.

"आणि नाही गेलात ते नाही गेलात. नाही गेलो म्हणून सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तरी घर गेलंच असतं," भिंतीकडे बघतच नाना म्हणाले.

"गेलं असतं," आई म्हणाली. "घरच गेलं असतं."

भाच्यानं ते घर बिल्डरला विकलं. टीचरांना सोडायला सांगितलं त्या दिवशी सकाळी आई कुणालाही न विचारता गल्ली ओलांडून गेली, आणि परत आली ती टीचरांच्या वीणेचं एक टोक धरून. दुसरं टोक टीचरांनी धरलं होतं. आमच्याकडे रस्त्यावरची खोली नानांची. आईनं त्यांची खाट मागच्या पडवीत नेऊन टाकली आणि त्या खोलीत टीचरांचं सामान लावलं. नाना बँकेतून आले, खोलीच्या दारात थबकले आणि चपला हातात घेऊन मागं गेले.

मग समोरचं घर पाडायला सुरुवात झाली. घणाचे घाव दिवसभर. लाल विटांची भुकटी आमच्या ओट्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या घागरीवर बसायची. ज्या भिंतीला टेकून मावशी बसायची ती पडली तेव्हा निळ्या रंगाचा एक मोठा पापुद्रा गल्लीत येऊन पडला. टीचर झाडू घेऊन बाहेर गेल्या आणि त्यांनी तो आमच्या दारापुढून झाडून काढला, जसा रोज सकाळी कोलम काढण्याआधी केर काढत तसाच. मागच्या पडवीत नाना कानांवर उशी धरून पडले होते. आज त्या जागी चार मजली फ्लॅट आहेत. माझ्या आताच्या घराच्या बाल्कनीतून त्यांचं कपडे वाळवायचं गच्चीवरचं तारेचं जाळं दिसतं, आणि मागून जाणारी उन्नत रेल्वे दिसते. तिथं राहणाऱ्या आयटीतल्या मुलांना मावशी ठाऊक असायचं काही कारण नाही.

टीचर आमच्याकडे काही वर्षं राहिल्या. सांगायला हे फार चांगलं वाटतं, आणि गल्लीतले लोक आईचं कौतुकही करत. पण घरात राहणाऱ्याला त्याचा जाच काय असतो ते मला विचारा. पुन्हा सकाळी वीणा वाजायला लागली, आता आमच्याच पुढच्या खोलीत. टीचर पूर्वीसारख्याच होत्या, हसायच्या, मुलींना रागवायच्या, आईबरोबर भाजी निवडायच्या. नानांशी "सार, कॉफी" एवढं बोलायच्या, तेही पूर्वीच्याच आवाजात. त्यांनी एकदा तरी टोमणा मारला असता, रडल्या असत्या, तर घर हलकं झालं असतं. नाना त्यांचा वर्ग चालू असतानाच जेवून मागच्या दारानं बँकेत जात आणि आले की पडवीत. तिण्णैवर बसणं त्यांनी सोडलं. माणसंही सह्यांसाठी यायची थांबली. मुदतीआधीच त्यांनी नोकरी सोडली. मार्गळीत सभेला गेले नाहीत. मीही त्यांच्याशी नीट बोलत नसे. कॉलेजात पुराव्याच्या कायद्याचे प्राध्यापक साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर बोलायला लागले की मी खिडकीबाहेर बघायची. कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटायचं, आणि बहुधा कुणीच बघत नसायचं.

पुढं मी वकील झाले, आणि फार पुढं त्याच लाल इमारतीत न्यायाधीशही झाले. माझी बहुतेक वर्षं अपिलंच ऐकण्यात गेली. माझं नाव सुचवलं गेलं तेव्हा महिनाभर मला झोप नव्हती; वाटे, कुणीतरी तो जुना निकाल काढून दाखवेल. कुणी काढला नाही. उलट माझ्या शपथविधीनंतर एका वयोवृद्ध वकिलांनी स्वागताच्या भाषणात सांगितलं, मैलापूरच्या एका सचोटीच्या बँक अधिकाऱ्याची ही मुलगी. टाळ्या झाल्या. मी हसून हात जोडले. शेजारी माझा नवरा होता, त्याला सगळं ठाऊक होतं, त्यानं खाली पाहिलं. अपिलात माणसं दिसत नाहीत, नुसते कागद दिसतात. 'साक्षीदार असत्य बोलतो' हे लिहायला अर्धी ओळ लागते. मला ती अर्धी ओळ अनेकदा लिहावी लागली, आणि ती लिहायला हवी तिथं मी टाळली नाही. त्या बारीक आवाजाच्या न्यायाधीशांनी त्या दिवशी जे केलं ते बरोबरच होतं, हे मला नोकरीत शिरल्यावर जास्तच कळत गेलं. त्यानं लाज कमी झाली नाही. निकाल चुकीचा असता तर निदान रागवायला जागा होती.

टीचरांना एन्नोरला काम मिळालं. औष्णिक केंद्राच्या वसाहतीतल्या शाळेत संगीत शिकवायचं, आणि राहायला एक खोली. तिकडं राखेनं कपडे पांढरे राहत नाहीत असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "खोली माझी असेल ना."

निघायच्या दिवशी सकाळी दारात ऑटो उभी होती. आईनं डब्यात पुरणपोळ्या बांधून दिल्या होत्या. ड्रायव्हर वीणा आडवी कशी बसवायची यावरून कुरकुरत होता आणि मी ती मागच्या सीटवर उशा लावून बसवत होते. तेवढ्यात नाना बाहेर आले. अंगात बनियन, खांद्यावर पंचा. इतक्या वर्षांत ते पुढच्या दारानं बाहेर आलेले मी पाहिले नव्हते. टीचर त्यांच्या पाया पडायला वाकल्या. नाना झटकन मागं सरले.

"नको मा. नको."

टीचर सरळ उभ्या राहिल्या. "येते, सार."

नाना काहीतरी बोलू बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. टीचरांनाच दया आली असावी. त्या म्हणाल्या, "सार, मनाला लावून घेऊ नका. कुणी विचारलं तर मी सांगते, राव सार खोटं बोलले, पण माझ्यासाठी बोलले. मला घर मिळावं म्हणून."

मला वाटलं, आता नाना मान हलवतील. एवढी सोपी वाट त्यांना कुणी दाखवली नव्हती. आईनं नाही, मी तर नाहीच. गल्लीतून एक सायकलवाला घंटा वाजवत गेला, तो जाईपर्यंत ते थांबले.

"तुझ्यासाठी नाही मा," नाना म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता, पण शब्द स्पष्ट होते. "तिथं तू माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतीस. राव सार न बघता सही करतात, हे चार लोकांत सांगायला लागू नये, म्हणून. माझ्यासाठी बोललो मी."

आई उंबऱ्यात उभी होती. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"माहीत आहे, सार," टीचर म्हणाल्या. "पहिल्यापासून माहीत आहे. माझ्यासाठी बोलला असतात तर ते पाप अर्धं माझं झालं असतं. मग तुमच्या घरचा भात माझ्या घशाखाली उतरला असता का?"

त्या ऑटोत बसल्या, वीणेला एका हातानं धरून. ऑटो मागं मागं जात गल्लीच्या तोंडाशी पोचली आणि वळली. नाना तिथंच उघड्यावर उभे होते. आई म्हणाली, "आत या, ऊन चढलंय." ते आत आले नाहीत. मीही त्यांच्याजवळ जाऊ शकले नाही. शेजारचे लोक आपापल्या ओट्यांवरून बघत होते, आणि नाना, भर उन्हात, बनियनवर, त्यांच्या देखत उभे होते.